लज्जा, अपराध आणि संकल्पस्वातंत्र्य : गोमंतकांतील ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या अनुषंगानें

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें साष्टींतील राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ या सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या ग्रंथाचा विचार आजवर बहुधा भाषेच्या अंगानें झाला आहे, व तो योग्यच आहे. तथापि ज्या श्रोत्यांकरितां तो रचला गेला त्यांच्या मनावर त्यांतील कोणत्या कल्पनेचा भार पडत होता, हें पाहिल्याशिवाय त्याचें ऐतिहासिक मोल पुरतें कळत नाहीं. ती कल्पना पापाची होय. पापाच्या पोटीं तीन गोष्टी येतात : लज्जा, अपराध आणि संकल्पस्वातंत्र्य. त्यांचा परस्परसंबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(१) मूळ कथा. बायबलाच्या पहिल्या ग्रंथांत आदिदंपती नग्न असूनहि त्यांस लाज नव्हती असें म्हटलें आहे. निषिद्ध फळ खाल्ल्यावर त्यांचे डोळे उघडले, त्यांनीं पानें शिवून अंग झांकलें व तीं देवापासून लपलीं. जाब विचारतांच पुरुषानें स्त्रीकडे बोट दाखविलें व स्त्रीनें सर्पाकडे. म्हणजे लज्जा तत्काळ आली, परंतु अपराधाची कबुली आली नाहीं. लज्जा मनुष्यास लपावयास लावते, तर अपराधाची खरी जाणीव त्यास पुढें येऊन बोलावयास लावते. हा भेद या कथेंतच आहे. पुरुषाच्या उत्तरांत आणखीहि एक गोष्ट दडलेली आहे. ‘माझ्याकडून करविलें गेलें’ असें म्हणणें म्हणजे स्वतःचें संकल्पस्वातंत्र्य नाकारणें होय.

(२) शास्त्रार्थ. मनुष्य स्वतःच्या बळावर निष्पाप राहूं शकतो, या पेलागियसच्या मताचें संत ऑगस्टीननें पांचव्या शतकाच्या आरंभीं खंडन केलें. सोळाव्या शतकांत हाच वाद नव्या रूपानें उठला. इरॅस्मसनें १५२४ त स्वतंत्र संकल्पाच्या बाजूनें ग्रंथ लिहिला व ल्यूथरनें १५२५ त त्यास उत्तर दिलें. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५४७ त असा निर्णय दिला कीं, आदिपापानें मनुष्याचा संकल्प दुबळा झाला आहे, परंतु नष्ट झालेला नाहीं. तत्पूर्वीं १५४६ त तिनें असेंहि ठरविलें होतें कीं, आदिपाप हें अनुकरणानें नव्हे तर वंशपरंपरेनें प्राप्त होतें. जेझुइट पंडित मोलिना याचा ईश्वरी कृपा व मानवी संकल्प यांचा मेळ घालणारा ग्रंथ १५८८ त लिस्बन येथें निघाला. त्यावरून जेझुइट व डोमिनिकन यांत जें रण माजलें तें पोप पांचवा पॉल यानें १६०७ त कोणाच्याहि बाजूनें निकाल न देतां थांबविलें. म्हणजे ख्रिस्तपुराण छापलें गेलें तेव्हां ही वादाची राख अजून गरम होती, आणि त्याचा कर्ता त्यांतील एका पक्षाच्या संघाचा होता.

आतां हा सिद्धांत साष्टींतील श्रोत्यांस कसा वाटला असेल तें पाहूं. कर्मविचारांत कर्ता तोच भोक्ता असतो, भोग फक्त जन्मांतरावर जातो. आदिपापांत कर्ता मूळपुरुष व भोक्ते त्याचे सर्व वंशज. ही कल्पना हिंदु श्रोत्यास सहज पटण्याजोगी नव्हती. परंतु पुराणाच्या पंचलक्षणांत सर्ग व वंश हीं दोन आहेतच. जगाची उत्पत्ति, मूळपुरुष, त्याचा वंश व त्या वंशाचा उद्धार हा क्रम पुराणाच्या चौकटींत जसा बसला तसा कोरड्या प्रश्नोत्तरांत बसला नसता. फादर स्टीफन्स यांची प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिन क्रिस्तां’ १६२२ त त्यांच्या मृत्यूनंतर निघाली. ती पाठ करण्याकरितां होती, पुराण ऐकण्याकरितां होतें. ओवी व पुराण या रूपांची निवड केवळ लोकरंजनासाठीं झाली असें म्हणणें अपुरें आहे.

(३) पापोच्चार. इ. स. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेनें प्रत्येक ख्रिस्ती प्रौढानें वर्षांतून एकदां तरी धर्मगुरूजवळ पापें उच्चारावीं असा नियम केला व तीं फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युतीची शिक्षा ठेविली. ट्रेंटच्या सभेनें १५५१ त पश्चात्ताप, पापोच्चार व प्रायश्चित्त अशीं तीन अंगें सांगितलीं. पश्चात्तापाचेहि दोन प्रकार केले : ईश्वरप्रेमानें झालेला तो पूर्ण, आणि पापाच्या किळसेनें वा नरकाच्या भयानें झालेला तो अपूर्ण. लाजेनें जखम लपविणाऱ्या रोग्यास वैद्य बरें करूं शकत नाहीं, असा दृष्टांतहि तेथें आहे. एवंच, लज्जा ओलांडून अपराध बोलून दाखविणें हेंच या संस्काराचें मर्म होय. पीटरनें गुरूस तीनदां नाकारलें, तो रडला व परतला. ज्यूदासनें गुरूस विकलें, तोहि पस्तावला, परंतु त्यानें गळफांस लावून घेतला. पश्चात्ताप दोघांसहि झाला, पण परत येण्याचा संकल्प एकानेंच केला. पीटरच्या चरित्रावर फादर एतिएन द ला क्रुवा यांनीं मराठी ओवीबद्ध विस्तृत ग्रंथ रचला व तो १६२९ पासून गोव्यांत छापला गेला, हें या दृष्टीनें लक्षणीय आहे.

(४) व्यवहार. येथवर सिद्धांत झाला. व्यवहाराचा जमाखर्च निराळा आहे. साष्टींतील देवळें १५६७ त पाडलीं गेलीं. त्याच सालीं गोव्याच्या धर्मसभेनें बळजबरीनें वा धाकानें कोणास ख्रिस्ती करूं नये असें एकीकडे ठरविलें व दुसरीकडे हिंदु पुरोहितांच्या हद्दपारीची मागणी केली. १५८३ त कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट मारले गेले. पुढें त्या गांवच्या प्रमुखांस असोळणेच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. अशा परिस्थितींत दिलेली संमति स्वतंत्र म्हणावी काय ? या प्रश्नाचें उत्तर रोमच्या धर्मशास्त्रानें फार पूर्वीं देऊन ठेविलें होतें. पोप तिसरा इनोसंट यानें १२०१ च्या पत्रांत असें ठरविलें कीं, जो अखेरपर्यंत विरोधच करतो त्यास बाप्तिस्मा लागत नाहीं, परंतु जो भयानें कां होईना रुकार देतो त्यास तो लागतो, व त्यास धर्म पाळावयास भाग पाडतां येतें. भयाखालीं काढलेला हा एक ‘होय’ हाच इन्क्विझिशनच्या अधिकाराचा पाया ठरला.

हें न्यायासन गोव्यांत १५६० त आलें व मध्यंतरीचा काहीं काळ वगळतां १८१२ पर्यंत राहिलें. घरांत चोरून जुना कुलाचार करणारा नवख्रिस्ती त्याच्या दृष्टीनें धर्मद्रोही होता. पापोच्चार गुप्त होता, येथील शिक्षा उघड होती. दमण येथें १६७३ त पकडला गेलेला फ्रेंच वैद्य देलाँ यास १६७६ च्या जानेवारींत अशाच मिरवणुकींत चालावें लागलें, व त्यानें १६८७ त आपली हकीकत प्रसिद्ध केली. दोषी लोकांस सांबेनितो नांवाचा झगा घालून नगरांतून फिरवीत. ज्या धर्मानें लज्जा ओलांडून अपराध बोलावयास शिकविलें, त्याच्याच न्यायासनानें लज्जेसच शिक्षा बनविलें. हा विरोध पुराणकर्त्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु ज्या कानांनीं तें पुराण ऐकलें त्यांनींच त्या मिरवणुकीचे घोषहि ऐकले होते, हें विसरून तें वाचणें हेंहि तितकेंच चुकीचें होय.

(५) साधनें. अपराध्यांचा स्वतःचा आवाज आज फार थोडा उरला आहे. गोव्याच्या न्यायासनाचें बहुतेक दफ्तर नष्ट झालें. १५६१ ते १६२३ पर्यंतच्या ३८०० खटल्यांची यादी लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे, परंतु यादी म्हणजे जबानी नव्हे. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकांतील छापील प्रतीहि हातीं लागलेल्या नाहींत. हस्तलिखितांवरूनच १९०७ त मंगळूर येथें सालदान्य यांनीं तें छापलें. मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत लंडन येथें आहे, व तिजकडे जस्टिन ॲबट यांनीं विद्वानांचें लक्ष वेधलें. ज्या लोकांवर हा धर्म अंशतः भयानें आला, त्यांच्याच वंशजांनीं पुढें कोणाच्याहि धाकाशिवाय या पोथ्या हातानें उतरून ठेविल्या. मूळ संमति स्वतंत्र होती कीं नव्हती याचा निकाल दफ्तरें देऊं शकत नाहींत. मागाहूनचा हा स्वीकार मात्र खरा होता, याची साक्ष या पोथ्या देतात. म्हणून रोमन लिपींतील जीर्ण मराठी बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं परकी समजून टाकूं नयेत. लेखकाची अखेरची नोंद, वाचकांनीं समासांत केलेल्या खुणा व शब्दांचे फेरफार यांसह तीं नोंदून ठेवावींत, एवढी विनंति आहे.