काचेच्या घरांतील रात्र

मनुष्यानें मासे राखले ते प्रथम पोटासाठीं. डोळ्यांच्या सुखासाठीं राखले ते पुष्कळ मागाहून. आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील तळीं तर मुळांत माशांसाठींही नव्हतीं. तीं धानासाठीं होतीं. कोहळी समाजाच्या कसबी हातांनीं पाळ बांधून पाणी अडविलें, त्यावर बांध्या भिजल्या, आणि त्याच पाण्यांतील मासळीवर ढिवरांचीं कुटुंबें जगलीं. 1950 च्या कायद्यानें मालगुजारी गेली. पण 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हें नांव लोकांच्या जिभेवर राहिलें. नवेगांवबांधच्या विस्तीर्ण पाण्यावर सूर्य मावळला कीं अंधार पडे, आणि चंद्र आपल्या तिथीप्रमाणें येई व जाई. माशांची रात्र कोणी ठरवावी, हा प्रश्न तेथें उद्भवलाच नाहीं.

तो उद्भवला काचेच्या हौदाबरोबर. हा हौद आजच्या रूपांत इंग्लंडांत जन्मला. तेथें काचेवरील कर 1845 सालीं उठला व काच स्वस्त झाली. 1850 सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें आपला प्रयोग प्रसिद्ध केला: पाणवनस्पतींनीं प्राणवायु द्यावा, माशांनीं तो घ्यावा, आणि कुजकें पान गोगलगाईंनीं खावें, मग पाणी वारंवार बदलावें लागत नाहीं. 1853 सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें ही हौस घरोघर नेली. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालीं झालें. त्या काळच्या इंग्रजी हौदास प्रकाश मिळे तो खिडकींतून. दिवस संपला कीं हौदाचाही दिवस संपे.

विजेनें हा नियम मोडला. 1938 च्या सुमारास फ्लोरेसंट नळी बाजारांत आली. जपानांत नाकामुरा यांनीं 1993 सालीं प्रखर निळा एलईडी दिवा सिद्ध केला. या रंगाच्या दिव्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस 2014 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां दिवाणखान्यांतील हौदावर रात्रभर निळें 'चांदणें' ठेवण्याची चाल पडली आहे.

या चांदण्याची थोडी परीक्षा करूं. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच; तो निळा नसतो, अंधुक उजेडांत आपल्या डोळ्यांस तसा भासतो. शिवाय पौर्णिमेच्या चंद्राहून सूर्य सुमारें 4 लक्ष पट तेजस्वी. तेव्हां आपण ज्यास मंद दिवा म्हणतों, तोही चंद्राहून कित्येक पट प्रखर असूं शकतो. आणि मासा डोळे मिटूं शकत नाहीं, कारण बहुतेक माशांस पापण्याच नसतात. त्यांच्या मेंदूंतील एका ग्रंथीस प्रकाशाची जाणीव असते, आणि विश्रांतीशीं निगडित असलेला मेलाटोनिन हा स्राव अंधारांत वाढतो. ऑस्ट्रेलियाजवळील प्रवाळभित्तींवर 1980 नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं पाहिलें कीं अनेक जातींचीं प्रवाळें पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्रींच एकदम बीज सोडतात. म्हणजे पाण्यांतील जीवांना चंद्र ही शोभा नव्हे, तें पंचांग आहे. रोज रात्रभर निळा दिवा ठेवणारा गृहस्थ त्या पंचांगाचें पान उलटूंच देत नाहीं.

कोणी म्हणेल, मग रात्रीं हौद पाहूंच नये काय? तसें नाहीं. मागूर, शिंगी यांसारखे मासे अंधार पडल्यावरच भक्ष्य शोधूं लागतात. त्यांचें खरें जीवन दिवसा दिसत नाहीं. मुख्य दिवा मालविल्यावर तास-दोन तास अगदीं क्षीण उजेड ठेवावा, तो घड्याळाच्या कळीनें आपोआप विझावा, आणि पुढें आठ-दहा तास निखळ अंधार असावा. दिवे एकदम लावूं वा मालवूं नयेत, मासे दचकतात. यांत खर्च कांहीं नाहीं. थोडा संयम आहे.

तळें बांधणाऱ्यांनीं पाणी अडविलें, पण रात्र अडविली नाहीं. काचेच्या हौदाच्या मालकाकडे दोहोंचाही कारभार आला आहे. स्वच्छ पाणी व वेळेवर अन्न आपण देतोंच. त्यांच्या वांट्याचा अंधारही आपणच द्यावयाचा आहे, कारण तो मागतां येईल अशी वाचा त्यांस नाहीं.