चमचा आणि मेणबत्ती

मूत्राचे नाव चारचौघांत काढले की आपण नाक मुरडतो. आमच्या जुन्या वैद्यांना तसे करून भागत नसे. ‘योगरत्नाकरा’तील अष्टविध परीक्षेत नाडीच्या पाठोपाठ मूत्रच येते, त्यावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो, यावरून रोग साध्य की असाध्य हे ठरवीत. युरोपातील वैद्यही काचपात्र उजेडाकडे धरून मूत्राचा रंग पाहत. परंतु हे पाणी शरीरातील कोणत्या अवयवाची हकीकत सांगते, या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते लंडनमध्ये, एका चमच्यात.

१८२७ साली तेथील गाय्ज हॉस्पिटलचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी आपले रुग्णवृत्तांत प्रसिद्ध केले. अंगभर सूज चढलेले रोगी त्यांच्याकडे येत. ब्राइट त्यांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. निरोगी माणसाचे मूत्र बहुधा स्वच्छ राहते. या रोग्यांचे अंड्यातील पांढऱ्या भागासारखे साकळे. ते अल्ब्यूमिन नावाचे रक्तातले प्रथिन होय. नेपल्सच्या कोतुन्यो यांनी अठराव्या शतकातच एका सुजलेल्या सैनिकाच्या बाबतीत हे पाहिले होते. ब्राइट यांचा मोठेपणा पुढच्या पायरीत आहे. रोगी दगावल्यावर त्यांनी शवविच्छेदन केले आणि मूत्रपिंडे बिघडलेली पाहिली. सूज, साका आणि मूत्रपिंड एका सूत्रात ओवली गेली.

ही झाली अर्धी कथा. १७७३ साली फ्रान्समध्ये रुएल यांनी मूत्रातून युरिया वेगळा केला होता. पुढे प्रेव्हो आणि द्यूमा यांनी जनावरांची मूत्रपिंडे काढून पाहिली, तेव्हा युरिया रक्तात साचू लागला. म्हणजे मूत्रपिंड युरिया तयार करीत नाही, केवळ बाहेर टाकते. आपण खाल्लेली डाळ, दूध, मासळी यांतील प्रथिनांचा नायट्रोजन यकृतात युरिया होतो. त्याची रीत क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडली. ब्राइट यांच्या रोग्यांचे रासायनिक परीक्षण करणाऱ्या बॉस्टॉक यांना मूत्रात युरिया कमी आढळला. रोगाचे मर्म त्यात होते: राहायचे ते गेले आणि जायचे ते राहिले.

मग युरिया मोजला की मूत्रपिंडाची पारख झाली काय? तसे नाही. १९०५ साली अमेरिकेत ओटो फोलिन यांनी दाखविले की, आहारातील प्रथिने कमी केली की मूत्रातील युरिया झपाट्याने उतरतो, पण क्रिएटिनीन जवळजवळ तेवढेच राहते. युरिया ताटातल्या प्रथिनांचा हिशेब सांगतो, क्रिएटिनीन स्नायूंचा. म्हणून १९२६ साली डेन्मार्कच्या रेबेर्ग यांनी क्रिएटिनीन धरून, मूत्रपिंड ठरावीक वेळात किती द्रव गाळते, हे मोजले. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात.

ब्राइट यांना निदान साधले, उपाय मात्र साधला नाही. रक्त काढणे, रेचक देणे, एवढेच त्या काळच्या वैद्यकाच्या हाती होते. तरी त्यांनी शोध सोडला नाही. १८४२ साली अशा रोग्यांसाठी गाय्जमध्ये दोन स्वतंत्र कक्ष आणि प्रयोगशाळा मिळविली. त्याच रुग्णालयात १९६३ साली हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने चमच्यात कधीच न दिसणारे अत्यल्प अल्ब्यूमिन मोजण्याची रीत काढली. आता मधुमेह्याच्या मूत्रात दिवसाला ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्ब्यूमिन वारंवार आढळले, तर सूज येण्याच्या कितीतरी आधी सावध होता येते. आणि आज रक्तदाब व साखर आवरून मूत्रपिंड राखण्याचे उपायही हाती आहेत.

मूत्रपिंडाचा रोग पुष्कळदा दुखत नाही, म्हणून तो कळत नाही. जे कळवू शकते, ते आपण रोज लाजेने ओतून देतो. ब्राइट यांच्या रोग्यांजवळ उपाय नव्हता. आपल्याजवळ तो असताना लाजेपायी बाटली रिकामी राहिली, तर तो दोष कोणाचा, याचा विचार आपण घरी जाताना करावा.