मद्रासचे सहा नमुने

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी वाढलेल्या नव्या वस्तीत आम्ही परप्रांतस्थ मराठी माणसे जमलो, म्हणजे इतिहासाच्या गोष्टी निघतात. आणि बहुधा शहाजीराजांची बंगळूरची जहागीर, जिंजी व तंजावर यांपाशीच त्या थांबतात. दक्षिणेतील मराठी कर्तृत्वाचा एक अलीकडचा अध्याय मात्र आमच्या दृष्टीआड राहतो. तो घडला मद्रासच्या प्रयोगशाळेत.

डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातील एकुलती एक कन्या. १९८६ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत होत्या. एड्स हा पाश्चात्त्यांचा रोग, आपणांस त्याचे भय नाही, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमविले व तपासणीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. सहा नमुन्यांत लागण आढळली. अमेरिकेतील फेरतपासणीनेही तेच सांगितले, आणि तो समज कोसळला.

परंतु कळणे आणि उमजणे यांत अंतर असते. त्याचा कटू दाखला गोमंतकात मिळाला. १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुणाने दान केलेल्या रक्तात विषाणूची लागण आढळताच पोलिसांनी त्यास ताब्यात घेतले, व सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे ६४ दिवस एका ओस क्षयरुग्णालयात एकटे ठेवले. स्पर्शाने वा सहवासाने हा रोग पसरत नाही, हे वैद्यकास तेव्हाही ठाऊक होते. त्याच्या मातेने मुंबई उच्च न्यायालयात कायद्यास आव्हान दिले. ते मान्य झाले नाही. १९९२ साली तो निवर्तला.

१ डिसेंबर १९८८ पासून जगभर एड्स दिन पाळला जाऊ लागला, तो अशाच अज्ञानाविरुद्ध. सुनीतीबाईंनी १९९३ साली वडिलांच्या नावे गायतोंडे केंद्र काढून तपासणी, उपचार व समुपदेशन यांची सांगड घातली. बाधित तरुण-तरुणींचे विवाहही जुळविले. २०१५ साली त्या गेल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या कायद्याने तपासणीस संमती आवश्यक ठरविली, गुप्ततेस संरक्षण दिले आणि नोकरी-शिक्षणातील भेदभाव निषिद्ध केला.

सरकारी लेखणी हाती असलेल्या आमच्या वाचकांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. रोगाचे निदान दोन्हीकडे झाले. एका ठिकाणी त्यातून शुश्रूषा उभी राहिली, दुसरीकडे कोठडी. म्हणून जनजागृतीचा आरंभ कचेरीतून व्हावा, असे आम्हांस वाटते. कारण सामान्य माणसाचे अज्ञान त्याच्या घरापुरते राहते, आणि कचेरीतील अज्ञानावर शिक्का उमटला की त्याचा हुकूम होतो.