सामाजिक परिवर्तन, जयसिंगपूर परिसरातील
कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर ही व्यापारपेठ आणि तिच्या भोवतीचा कृष्णा–पंचगंगाकाठचा प्रदेश यांत विसाव्या शतकापासून घडून आलेले बदल व त्यांचे लोकजीवनावरील परिणाम. समूहाची भरभराट व व्यक्तीचे स्वास्थ्य या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, हे या प्रदेशाशी निगडित पाहण्यांतून क्रमाक्रमाने स्पष्ट झाले.

जयसिंगपूर हे योजनापूर्वक वसविलेले नगर होय. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) मिरज–कोल्हापूर लोहमार्गालगत ते वसवून त्यास आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या आखीव गल्ल्या या योजनेच्या निदर्शक आहेत. संस्थानात १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. बाजारपेठ, शाळा व लोहमार्ग यांमुळे शेतकरी कुटुंबांना गावाबाहेरील व्यवहाराची वाट खुली झाली.

पाहण्या : पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे नी. वि. सोवनी यांनी केलेल्या कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीचे खंड १९४८ ते १९५२ या काळात प्रसिद्ध झाले. लोकसंख्या व उद्योग यांबरोबरच कौटुंबिक जीवन हाही त्यांचा विषय होता. पुढे इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली (१९६९). कोयना कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते व कृष्णा पुढे शिरोळ तालुक्यातून वाहते. म्हणजे धरणासाठी उठलेली गावे आणि पाण्यावर फुललेली शेती एकाच खोऱ्यातील होत. नुकसानभरपाईच्या रकमेवरून पुनर्वसनाचे यश ठरत नाही. आप्तसंबंध व उपजीविका यांची घडी विस्कटते, ती पुन्हा बसली की नाही हे पाहावे लागते. राज्य शासनाने विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला.

ऊसशेती : उपसा सिंचन व सहकारी साखर कारखाने यांमुळे या भागात पैसा आला. मात्र भारी काळी जमीन, बारमाही पाणी व अपुरा निचरा यांमुळे पुष्कळ शेते क्षारपड झाली. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून ती सुधारण्याच्या कामी शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेतला. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी नदीकाठच्या वस्तीची अस्थिरता दाखवून दिली. गाळप हंगामापूर्वी जयसिंगपूर येथे भरत आलेल्या ऊस परिषदेमुळे उत्पादकाला भाव मागण्याचे व्यासपीठ लाभले.

पश्चिम महाराष्ट्रातील उसाची तोडणी मोठ्या प्रमाणावर बीड व अन्य दुष्काळी भागांतून येणारी कुटुंबे करतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो व मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडावी लागते. खाडा केल्यास दंड बसतो. तोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२,००० स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. उसाचे उत्पन्न एका जिल्ह्यात नोंदले जाते आणि त्यासाठी झिजलेल्या शरीराची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात होते. यामुळे अशा परिवर्तनाचा अभ्यास एका तालुक्याच्या सीमेत पुरा होत नाही.