स्मृती आणि सागरभिंत : गॅल्व्हेस्टन येथील १९०० च्या चक्रीवादळाचे ऐतिहासिक स्मरण

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तीचा इतिहास केवळ मृतांच्या संख्येने पूर्ण होत नाही. समाजाने त्या आपत्तीतील काय लक्षात ठेवले आणि काय विस्मृतीत जाऊ दिले, हाही त्या इतिहासाचाच भाग असतो. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वसलेल्या गॅल्व्हेस्टन शहराला ८ सप्टेंबर १९०० रोजी चक्रीवादळाचा तडाखा बसला. मृतांचे अंदाज ६,००० ते १२,००० असे आहेत. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वाधिक प्राणघातक नैसर्गिक आपत्ती मानली जाते. प्रस्तुत निबंधात या घटनेच्या स्मरणाचे स्वरूप तपासले आहे.

दुर्लक्षित पूर्वस्मृती

कापसाच्या निर्यातीवर भरभराटलेल्या या बंदराची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ३८,००० होती. शहरातील सर्वांत उंच जमीनही समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहून कमी उंचीवर होती. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ व १८८६ च्या वादळांनी उद्ध्वस्त होऊन ओसाड पडले होते. त्यानंतर गॅल्व्हेस्टनमध्ये संरक्षक भिंतीची चर्चा झाली. भिंत मात्र झाली नाही. तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली वृत्तपत्रातील लेखात शहराला वादळाचा गंभीर धोका असल्याची समजूत निराधार ठरवली होती. १९०० साली उधाणाचे पाणी पंधरा फुटांवर चढले. मृतांमध्ये क्लाइन यांच्या पत्नीही होत्या. शेजारच्या गावाची आपत्ती या शहराने स्वतःची स्मृती मानली नाही, असे यावरून दिसून येते.

मृतांचे स्मरण

मृतदेह प्रथम समुद्रात सोडण्यात आले. ते किनाऱ्यावर परत आले. त्यानंतर कित्येक आठवडे चिता जळत राहिल्या. या कामासाठी कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपण्यात आले. असंख्य मृतांच्या वाट्याला नाव कोरलेली कबर आली नाही. सेंट मेरी अनाथालयातील दहा धर्मभगिनींनी मुलांना दोरीने आपल्या शरीराशी बांधून घेतले होते. त्या दहाही जणी व नव्वद मुले बुडाली. केवळ तीन मुलगे वाचले. त्या रात्री मुलांकडून गाऊन घेतलेले स्तोत्र त्या संघाच्या धर्मभगिनी ८ सप्टेंबरला गातात. तेथे स्मरणाची जबाबदारी गीताने स्वीकारली आहे.

स्मृतीचे बांधकाम

१९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची व सुमारे तीन मैल लांबीची सागरभिंत उभारण्यात आली. पुढे १९११ पर्यंत दोन हजारांहून अधिक इमारती जॅकच्या साहाय्याने उचलून त्यांच्याखाली पाणीमिश्रित वाळू भरण्यात आली. १९१५ च्या प्रबळ वादळात शहरातील जीवितहानी अत्यल्प राहिली. शताब्दीनिमित्त २००० साली या भिंतीवर एक स्मारकशिल्पही उभे राहिले. तथापि भिंतीचे तोंड खुल्या समुद्राकडे आहे. २००८ च्या आइक चक्रीवादळात पाणी मागील बाजूच्या उपसागरातून शहरात शिरले.

समारोप

गॅल्व्हेस्टनने १९०० ची आपत्ती दगडात, शिल्पात व गीतात जतन केली. भिंतीने पुढील पिढ्यांचे प्राण वाचवले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या दिशेने पूर्वी संकट आले, तीच दिशा ती लक्षात ठेवते. बंदुकीपुढे राबलेल्या माणसांची आणि कबरीविना गेलेल्या मृतांची नोंद तिच्यात नाही. ती राखणे हे इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.