दलित साहित्य, विदर्भातील

दलित साहित्य, विदर्भातील : जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरविलेल्या समाजांतील लेखकांनी, त्या व्यवस्थेतील अन्यायाच्या जाणिवेतून आणि त्याविरुद्धच्या संघर्षातून निर्माण केलेल्या साहित्यास सामान्यतः दलित साहित्य म्हटले जाते. ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. विदर्भात मात्र या साहित्याची पूर्वतयारी त्यापूर्वी किमान अर्धशतक चालू होती. शाळा, छापखाना, गाणे आणि सभा ही तिची साधने होती. ग्रंथ बऱ्याच नंतर आले. दुःखाचे वर्णन जुन्या मराठी वाङ्‌मयातही विपुल आहे. दलित साहित्याचे वेगळेपण दुःखाच्या कारणाविषयीच्या भूमिकेत आहे. हे कारण दैवात किंवा पूर्वजन्मात नसून माणसांनी उभारलेल्या समाजरचनेत आहे, या जाणिवेपर्यंतचा प्रवास हाच या साहित्याचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : चौदाव्या शतकातील मंगळवेढ्याचे संत चोखामेळा आणि त्यांच्या कुटुंबातील सोयराबाई, निर्मळा, बंका व कर्ममेळा यांच्या अभंगांत अस्पृश्यतेची वेदना प्रथम स्पष्टपणे व्यक्त झाली. देवाच्या दारी येऊनही बाहेर उभे राहावे लागण्याची खंत चोखामेळ्यांच्या रचनेत आहे. कर्ममेळ्यांच्या अभंगांत तिला तक्रारीचे रूप येते. तथापि, हीन जन्माचे कारण पूर्वसंचितात शोधण्याची त्या काळातील रूढ धारणा या अभंगांतही डोकावते आणि दाद मागितली जाते ती विठ्ठलाकडे.

एकोणिसाव्या शतकात महात्मा जोतीराव फुले यांनी हा रोख बदलला. तृतीय रत्न (१८५५) या नाटकात आणि गुलामगिरी (१८७३) व शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथांत त्यांनी शूद्रातिशूद्रांच्या दैन्याची कारणे धर्मसत्ता, अविद्या व शोषण यांत दाखविली. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयमध्ये प्रसिद्ध झाला. अस्पृश्य समाजातील मुलीने आपल्या समाजाची स्थिती स्वतः लिहून मांडल्याचे हे मराठीतील अत्यंत आरंभीचे उदाहरण होय. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या पुस्तकात स्त्रियांवरील अन्यायाची चिकित्सा याच तर्काने केली.

सामाजिक पार्श्वभूमी : नागपूर-भंडारा भागातील महार समाजाची स्थिती पश्चिम महाराष्ट्रातील महारांहून काही अंशी वेगळी होती. गावकामाबरोबरच जाडेभरडे कापड विणणे हा येथील अनेक कुटुंबांचा व्यवसाय होता. त्यामुळे बलुतेदारीवरील त्यांचे अवलंबित्व तुलनेने कमी होते. अस्पृश्यता मात्र तशीच होती. यंत्रोत्पादित कापडाने हा व्यवसाय ढासळला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढील काळात विणकर मोठ्या संख्येने गिरणी कामगार बनले. रोख मजुरी, शहरी वस्ती आणि शिक्षणाची थोडीफार सोय यांमुळे वाचणारा, वर्गणी देणारा व सभेला जाणारा वर्ग तयार झाला. दलित नियतकालिकांचा पहिला वाचक हाच होता.

किसन फागुजी बनसोड व नियतकालिके : नागपूर जिल्ह्यातील मोहपा येथे जन्मलेले किसन फागुजी बनसोड (१८७९–१९४६) हे या परंपरेचे आद्य शिल्पकार होत. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा काढली. निराश्रित हिंद नागरिक (१९१०), विटाळ विध्वंसक (१९१३) व मजूर पत्रिका (१९१८) ही त्यांची पत्रे. त्यांनी पद्ये, कीर्तने व लेख लिहून शिक्षण, स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि संघटन यांचा प्रसार केला. त्यांची पद्यरचना सोपी व गेय असे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत ती गाण्याच्या रूपाने पोहोचावी, हा तिचा उद्देश होता. बनसोडांचा आदर्श चोखामेळा हाच राहिला आणि धर्मांतराचा मार्ग त्यांना मान्य झाला नाही. मात्र अस्पृश्यांच्या हलाखीचे खापर त्यांनी संचितावर न फोडता रूढीवर व अज्ञानावर फोडले. भक्तिपरंपरा आणि हक्काची मागणी यांच्या संधिकाळाचे ते प्रतिनिधी होत.

मे १९२० मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृत परिषद भरली. त्याच वर्षी ३१ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूकनायक हे पाक्षिक निघाले होते. त्यानंतर बहिष्कृत भारत (१९२७) व जनता (१९३०) या पत्रांतून आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या प्रश्नाला समता व नागरी हक्क यांची परिभाषा दिली. तेथून पुढे विनवणीची जागा युक्तिवादाने घेतली.

जलसे व मौखिक परंपरा : निरक्षर समाजात मुद्रित शब्दाची मजल मर्यादित असते. ही उणीव आंबेडकरी जलशांनी भरून काढली. नाशिकचे भीमराव कर्डक यांनी तमाशाचा साचा घेऊन गण-गवळणीच्या जागी बुद्धिवादी संवाद व चळवळीची गाणी आणली. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते महाराष्ट्रभर गाइली गेली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीच्या प्रदेशात दंडार व खडी गंमत या लोकनाट्यांची जुनी परंपरा आहे. रात्रभर चालणारे सामुदायिक प्रयोग आणि सवाल-जबाबाची रीत येथील प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेली होती. त्यामुळे गाण्यातून व संवादातून मांडलेला विचार त्यांना परका वाटला नाही. पवनी तालुक्यातील कोंढ्यासारख्या गावांत, जेथे ग्रंथ क्वचित पोहोचत, तेथे गीत हेच दीर्घकाळ या साहित्याचे मुख्य रूप होते. दलित साहित्याच्या इतिहासात या मौखिक भागाची नोंद फार थोडी झाली, ही त्या इतिहासाची मोठी उणीव आहे.

धर्मांतर व त्याचे वाङ्‌मयीन परिणाम : भंडारा जिल्ह्याचा आंबेडकरांच्या राजकीय जीवनाशी निकटचा संबंध आला. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व तीत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले, तेव्हा नवदीक्षितांच्या दृष्टीने वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्राचीन वारशाला वेगळेच मोल होते.

धर्मांतराचा वाङ्‌मयीन अर्थ असा की, पूर्वजन्मीच्या पापामुळे हीन जात मिळते ही उपपत्ती नाकारली गेली. दुःखाचा कर्ता समाज ठरला की, त्याचे वर्णन हे आपोआप साक्ष बनते. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन करताना अण्णाभाऊ साठे यांनी श्रमिक व दलित हेच जगाचा आधार असल्याची भूमिका मांडली. बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या जेव्हा मी जात चोरली होती (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक परगावी नोकरीसाठी जातो, जात लपवितो आणि ती उघड होताच मार खातो. शिक्षण व रोजगार मिळूनही जात पाठ सोडत नाही, हा आधुनिक अनुभव या कथेने मराठीत ठळकपणे आणला.

काव्य, नाटक व विचार : नागपुरात जन्मलेले गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी औरंगाबादेहून चालविलेले अस्मितादर्श हे नियतकालिक १९६० नंतरच्या दोन पिढ्यांचे व्यासपीठ ठरले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली आणि नामदेव ढसाळ यांचा गोलपिठा हा काव्यसंग्रह त्याच सुमारास आला. विदर्भातील कवींपैकी वामन निंबाळकर यांचा गावकुसाबाहेरील कविता (१९७३) व यशवंत मनोहर यांचा उत्थानगुंफा (१९७७) हे संग्रह विशेष महत्त्वाचे आहेत. निंबाळकरांच्या कवितेत गावाच्या सीमेवरील जीवन, तर मनोहरांच्या कवितेत विद्रोहामागील वैचारिक अधिष्ठान प्रकर्षाने जाणवते. अकोल्याचे केशव मेश्राम (१९३७–२००७) यांनी कविता, कथा व कादंबरी हे तिन्ही प्रकार हाताळले. प्रेमानंद गज्वी यांच्या घोटभर पाणी या एकांकिकेने पाणवठ्याच्या हक्काचा प्रश्न रंगमंचावर मांडला.

आत्मकथने : दया पवार यांच्या बलुतं (१९७८) पासून आत्मकथन हा दलित साहित्याचा सर्वांत प्रभावी प्रकार बनला. विदर्भाच्या दृष्टीने दोन पुस्तके मोलाची आहेत. कुमुद पावडे यांच्या अंतःस्फोट (१९८१) मध्ये नागपूरच्या एका दलित मुलीने संस्कृत शिकण्यासाठी दिलेल्या झुंजीची कहाणी आहे. संस्कृतमधील पदव्युत्तर पदवी मिळूनही नोकरी मिळत नव्हती. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि नंतर ती मिळाली. नेमणूक झाली ती सोमकुवर या माहेरच्या नावाची नव्हे, तर पावडे या नावाची, हे लेखिकेने नोंदविलेले सत्य गुणवत्तेविषयीच्या अनेक दाव्यांचा फोलपणा दाखविते. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांनी आम्हीही इतिहास घडवला (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या कार्याची नोंद केली.

वसंत मून (१९३२–२००२) यांचे वस्ती (१९९५) हे आत्मकथन नागपुरातील महारवस्तीचे चित्रण करते. येथे गरिबी व उपेक्षा आहे. त्याचबरोबर आखाडा, वाचन, समता सैनिक दल आणि सभा यांनी गजबजलेले सामुदायिक जीवनही आहे. दलित आत्मकथने केवळ यातनांची जंत्री असतात, या आक्षेपाला हे पुस्तक परस्पर उत्तर देते.

वाद व आक्षेप : अनुभवाच्या अधिकारावाचून दलित साहित्य लिहिता येईल काय, तसेच त्याला दलित, बौद्ध की आंबेडकरवादी म्हणावे, हे प्रश्न दीर्घकाळ चर्चिले गेले. यशवंत मनोहर यांनी आंबेडकरवादी साहित्य या संज्ञेचा पुरस्कार केला. लेखकाच्या जातीपेक्षा त्याच्या मूल्यदृष्टीला महत्त्व द्यावे, असा या संज्ञेमागील विचार आहे. प्रचारकीपणा, एकसुरीपणा व शिवराळ भाषा हे आक्षेपही घेतले गेले. काही दुय्यम लेखनाच्या बाबतीत त्यांत तथ्य आहे. परंतु प्रमाण मराठीच्या सभ्यतेचे निकष कोणी ठरविले, हा या लेखकांचा प्रतिप्रश्नही तितकाच रास्त होय. स्त्रियांच्या आत्मकथनांनी तर घरातील पुरुषी वर्चस्वाचीही चर्चा केली आणि चळवळीला स्वतःकडे पाहावयास लावले.

मूल्यमापन : २९ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराची पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुले यांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मान्य झाले नाहीत. गुन्हा सिद्ध झाला, पण त्यामागील जात न्यायनिर्णयात सिद्ध झाली नाही. या घटनेनंतर लिहिल्या गेलेल्या कविता, नाटके व लेख यांनी हीच विसंगती पुढे आणली.

साहित्याने अन्याय थांबत नाही, हे खैरलांजीने दाखविले. परंतु अन्यायाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखण्याची दृष्टी समाजाला साहित्यातून मिळते आणि कायद्याच्या भाषेत न मावलेले सत्य त्यात टिकून राहते. महाद्वाराबाहेरील चोखामेळ्यांपासून वस्तीतल्या मुलाच्या आठवणींपर्यंत प्रश्न एकच आहे : माणूस म्हणून स्थान कोण नाकारतो? पूर्वी तो देवाला विचारला जाई. विदर्भातील दलित लेखकांनी तो समाजाला विचारला. या साहित्याचे ऐतिहासिक कार्य या बदलात सामावलेले आहे.