लॉगरिथम : उगम, विकास व उपयोग

दिलेली धन संख्या मिळविण्यासाठी ठराविक पायाला जो घातांक द्यावा लागतो, त्याला त्या संख्येचा त्या पायावरील लॉगरिथम म्हणतात. उदा., १० चा तिसरा घात १,००० असल्यामुळे १० या पायावर १,००० चा लॉगरिथम ३ होय. लॉगरिथमांमुळे गुणाकाराचे रूपांतर बेरजेत व भागाकाराचे वजाबाकीत होते. २ व ३ यांचे १० या पायावरील लॉगरिथम अनुक्रमे ०·३०१० व ०·४७७१ असून त्यांची बेरीज ०·७७८१ हा ६ चा लॉगरिथम आहे.

उगम : सोळाव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात खगोलशास्त्र व नौकानयन यांसाठी मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार-भागाकार वारंवार करावे लागत व त्यांत फार श्रम पडत. हे श्रम वाचविण्याच्या हेतूने स्कॉटलंडमधील जॉन नेपिअर (१५५०–१६१७) यांनी १६१४ मध्ये लॉगरिथमांची कोष्टके प्रसिद्ध केली. घातांकांची आजची लेखनपद्धती तेव्हा रूढ नव्हती. त्यामुळे नेपिअर यांनी एक समान वेगाने जाणारा व दुसरा उरलेल्या अंतराच्या प्रमाणात वेग कमी होत जाणारा अशा दोन बिंदूंच्या गतींची तुलना करून आपली व्याख्या बसविली. स्वित्झर्लंडचे घड्याळे बनविणारे योस्ट ब्यूर्गी (१५५२–१६३२) यांनीही स्वतंत्रपणे अशीच कोष्टके तयार केली होती. परंतु ती १६२० मध्ये प्रसिद्ध झाली.

विकास : लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातील प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज (१५६१–१६३०) यांनी १६१५ मध्ये नेपिअर यांची भेट घेतली. १ चा लॉगरिथम ० व १० चा १ मानणे सोयीचे होईल, यावर दोघांचे एकमत झाले. त्यानुसार ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये १ ते २०,००० व ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉगरिथम १४ दशांश स्थळांपर्यंत दिले. मधली उणीव आड्रिआन व्ह्लाक यांनी १६२८ मध्ये १० स्थळांपर्यंतची कोष्टके देऊन भरून काढली. योहानेस केप्लर यांनी १६२७ मधील आपल्या ग्रहकोष्टकांत लॉगरिथमांचा उपयोग केला. पुढे अपास्ताखालील क्षेत्रफळाशी लॉगरिथमाचे नाते उघड झाले आणि लेओनार्ट ऑयलर यांनी १७४८ मध्ये घातांकी फलनाचे व्यस्त फलन म्हणून त्याचे विवेचन केले. अशा रीतीने आकडेमोडीचे एक साधन गणितीय विश्लेषणातील मूलभूत फलन ठरले.

आधुनिक उपयोग : १९७० नंतर खिशात मावणारे इलेक्ट्रॉनीय गणकयंत्र प्रचारात आल्यावर कोष्टके व सरकती गणनपट्टी मागे पडली, फलन मात्र टिकून राहिले. ज्या राशींचा पल्ला फार मोठा असतो, त्यांच्या मापनात ते अपरिहार्य आहे. ध्वनीची तीव्रता दसपट झाली, की डेसिबेल मापात १० ची भर पडते. विद्रावाची अम्लता दाखविणारे पीएच मूल्य (१९०९) व भूकंपाचे रिश्टर माप (१९३५) हीही लॉगरिथमीय आहेत. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे माप लॉगरिथमानेच ठरविले.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सुचविलेली गुप्त किल्ली ठरविण्याची पद्धत विविक्त लॉगरिथमावर आधारलेली आहे. तीत ठराविक अविभाज्य संख्येने भागून उरणाऱ्या बाक्या विचारात घेतात. घात काढणे सोपे असते. परंतु संख्या पुरेशी मोठी असल्यास बाकीवरून घातांक शोधणे नेहमीच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य असते. गणना सुलभ करण्यासाठी जन्मलेल्या संकल्पनेच्या या रूपात गणनेची दुष्करताच उपयोगी पडली आहे.